शॉवरची पाईपजोडणी : लादी बसण्याआधीची एक रात्र

भिवंडीत खाली दुकान आणि वर घर, अशी वस्ती पुष्कळ आहे. आमचेही तसेच. 2017 साली आम्ही वरच्या न्हाणीघरात गरम-थंड पाण्याचा शॉवर बसवून घेतला. आठ महिन्यांनी दुकानाच्या छताला ओल दिसली. रंगारी बोलावून तेवढा डाग झाकला आणि विसरलो. पुढे पोटमाळ्यावरून शर्टिंगचे 14 तागे निघाले, सगळे पिवळ्या डागांचे. वर भिंत फोडली तर आतल्या एका एल्बोला केसाएवढी चीर. प्लंबरने जोडणी तपासायला एक दिवस मागितला होता. लादीवाला गावी निघाला होता, म्हणून तो दिवस आम्हीच दिला नव्हता.

तो एल्बो नुसत्या प्लॅस्टिक आट्यांचा होता. मिक्सरचे आटे पितळी असतात. ते प्लॅस्टिकमध्ये जोराने आवळले की फिटिंग चिरते. म्हणून भिंतीतून मिक्सरसाठी निघणारे दोन्ही एल्बो पितळी आट्यांचे घ्यावेत. किमतीतला फरक एका तागाच्या नुकसानीपुढे काहीच नाही. गरम पाण्याला पाईप सीपीव्हीसीचा घ्यावा, साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो.

भिंतीच्या मिक्सरला दोन तोंडांमधले अंतर बहुधा 150 मिलिमीटर असते. तरी मिक्सर आधी विकत आणून माप त्यावरूनच घ्यावे. समोर उभे राहिल्यावर गरम डावीकडे, थंड उजवीकडे. एल्बोचे तोंड तयार लादीच्या पातळीला यायला हवे, तेव्हा गिलावा व लादीची जाडी गवंड्याला आधीच विचारावी.

गरम आणि थंड पाणी एकाच टाकीवरून घ्यावे. थंड पाणी नगरपालिकेच्या जोराच्या लाईनवरून आणि गिझर टाकीवर ठेवला, तर थंड पाणी मिक्सरमधून गरम लाईनीत घुसते. दाबाचा हिशेब सोपा आहे : 10 मीटर उंचीला सुमारे 1 बार. टाकीतले पाणी शॉवरच्या वर 3 मीटरच असेल तर 0.3 बार मिळतो. तेवढ्यावर मोठ्या ताटाएवढा शॉवर नुसता ठिबकतो. दुकानदार हे सांगत नाही.

पाईप सरळ कापून कडेची कूस काढावी. पाईप व फिटिंग दोन्हींना सोल्युशन लावून पाव वळसा देत बसवावे आणि अर्धा मिनिट धरून ठेवावे. मग 24 तास हात लावू नये. त्यानंतर गिझरची जोडणी वेगळी करावी, सगळ्या तोंडांना डमी प्लग लावावेत, लाईनीतली हवा काढावी आणि हातपंपाने 10 किलोपर्यंत दाब भरावा. काटा कुठे आहे ते संध्याकाळी लिहून ठेवावे, सकाळी पाहावे. तो उतरला असेल तर सांधा न् सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. गवंडी थांबला, त्याची एक दिवसाची मजुरी गेली तरी चालेल.

झिरी बुजवण्याआधी भिंतीवर टेप धरून फोटो काढावा. आम्ही तो गिझरच्या वॉरंटी कार्डासोबत ठेवला आहे. मागच्या वर्षी आरसा लावायला आलेल्या पोराने ड्रिल नेमके गरम पाईपवर धरले होते. फोटो दाखवला, तेव्हा चार बोटे सरकवले.