टक्कल : कारणे आणि उपचार

मागच्या महिन्यात पंचविशीतला एक तरुण वडिलांसोबत माझ्या दवाखान्यात आला. डोक्यावरची टोपी काढायला तयार होईना. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, केसांपायी दोन सोयरिकी मोडल्या. ऊसतोडीच्या उचलीतले पाच हजार तेलात गेले. लोक म्हणतात, बोअरच्या पाण्यानं झालं." शेवटी त्याने टोपी काढली. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे सरकलेले, टाळूवर विरळ. वडिलांनीही घाम पुसायला पटका काढला आणि निदान समोरच दिसले!

हे पुरुषांचे आनुवंशिक टक्कल. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते. काहींच्या केसांची मुळे त्यामुळे हळूहळू आक्रसतात. केस बारीक, आखूड होत शेवटी नुसती लव उरते. हा वारसा आई-वडील दोघांकडून येतो. पाणी किंवा टोपी यांचा त्यात दोष नाही. मुंडण केल्यानेही केस दाट होत नाहीत, कारण मूळ कातडीच्या आत असते.

मग बुलढाण्याचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळाले. आधी पाण्यावर संशय आला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत गव्हात सेलेनियम जास्त आढळले. तिथे बायका-मुलांचेही केस काही दिवसांत गेले. आनुवंशिक टक्कल मात्र वर्षानुवर्षे सरकत येते. म्हणून केस एकाएकी गळाले, चाई पडली, खाज किंवा पू असला, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

उपचार काय? मिनॉक्झिडिलचे द्रावण कोरड्या टाळूला रोज लावावे. पहिले काही आठवडे केस जास्त गळतात. घाबरून सोडू नये. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी टक्कल वाढू देत नाही. पण काहींची कामेच्छा कमी होते, मन उदास होते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. गरोदर स्त्रीने तिचे तुकडे हाताळू नयेत. दोन्ही औषधे थांबवली की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. केसरोपण हा खर्चिक मार्ग आहे. ती शस्त्रक्रिया आहे, म्हणून प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच करावी. पूर्ण गुळगुळीत झालेल्या टाळूवर कोणतेही तेल केस उगवत नाही.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. जाहिरातीवर पैसे घालण्याआधी तिथे जाऊन या.

त्या तरुणाने द्रावण सुरू केले आहे. जाताना मी एवढेच म्हणालो, "बाळा, पुढची सोयरीक टोपी काढून पाहा. तुझ्या वडिलांचा संसार काही टकलावाचून अडला नाही."