सेतू झाला, आता बहिणीची सही हवी

प्रश्न : माझे माहेर उरण तालुक्यात. वडील 1998 साली वारले. आजोबांपासून चालत आलेली 60 गुंठे भातशेती आहे. सातबाऱ्यावर आई आणि दोन भावांची नावे लागली, माझे नाही. मुंबईला जोडणारा अटल सेतू सुरू झाल्यापासून दलालांच्या फेऱ्या वाढल्या आहेत. आता भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले आहे. म्हणतात, ‘तुझे लग्न झाले, नुसती सही कर.’ माझा हक्क उरला आहे का?
– एक वाचक, पेण

उत्तर : ताई, हक्क उरला आहे आणि तो भावांइतकाच आहे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलासारखा हक्क मिळाला. वडील त्याआधी वारले असले तरी तो बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल, तर ती मोडत नाही. तसे काही नसेल, तर आई, दोन भाऊ आणि तुम्ही अशा चौघांत तुमचा वाटा चौथा, म्हणजे 15 गुंठे.

सातबारा हा महसुली उतारा आहे. त्यावर नाव नाही म्हणून मालकी जात नाही. तुमच्या संमतीशिवाय व्यवहार निर्वेध होत नाही, म्हणूनच तर सही मागितली जाते आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणे फार अवघड असते.

आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या आणि जुने फेरफार काढा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळकायदा कलम 43 चा शेरा असेल, तर विक्रीआधी त्या कलमातील अटी पुऱ्या कराव्या लागतील. उरण, पनवेल, पेणमधील 124 गावांच्या नवनगरासाठी 2024 मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली आहे. तुमचे गाव त्यात आहे का, तेही पाहा. वर्तमानपत्रात या जमिनीची जाहीर सूचना आली, तर मुदतीत लेखी हरकत घ्या.

विकायचेच असेल, तर खरेदीखतात विक्रेती म्हणून तुमचे नाव असावे आणि तुमच्या वाट्याची रक्कम थेट तुमच्या खात्यात यावी. दलालाच्या नावे कुलमुखत्यारपत्र मुळीच देऊ नका. भावांना हे सारे शांतपणे समजावा, पण वकिलाला कागद दाखवल्याशिवाय सही करू नका.