डोळ्यांत थेंब घातल्यानंतरचा अर्धा तास

मधुमेहाला खेड्यात नुसते 'शुगर' म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना हा आजार आहे. परंतु त्याने डोळा कसा जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डोळ्याच्या मागील पडद्यातील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वाढत्या साखरेने कमकुवत होतात, पाझरतात, काही बंद पडतात. मग तेथे नव्या पण नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून डोळ्यात रक्त उतरते. यातली वाईट गोष्ट अशी की, बराच काळ रोग्याला काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. पुढे दिसायचे कमी झाले की आपला माणूस म्हणतो, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." मोतीबिंदू काढून भिंग बसवता येते, पडदा बदलता येत नाही.

म्हणून मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी पडदा तपासून घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. त्यासाठी डोळ्यांत थेंब घालतात व बाहुली मोठी होईपर्यंत वीस-तीस मिनिटे बाकावर बसवतात. रोग्याला चार गोष्टी समजावण्याची खरी वेळ हीच होय. त्या वेळी छापील पत्रक हाती देऊन उपयोग नाही, कारण थेंबांमुळे जवळचे अक्षर पुसट दिसते. (अनेकांना मुळात अक्षरओळखच नसते, ते वेगळेच.) तेथे कुणीतरी शेजारी बसून आपल्या बोलीत बोलायला हवे. साखर सोडून गूळ खाल्ला तरी रक्तातली साखर वाढतेच, भाकरीलाही माप हवे, एकादशीचा साबुदाणा मधुमेह्याला सोसत नाही, या गोष्टी आपल्याकडे कितीजणांना कुणी सांगितल्या आहेत?

तथापि सांगितले म्हणजे काम झाले, असेही नाही. अमेरिकेत नेत्रतपासणीच्या वेळीच रोग्याची तीन महिन्यांची सरासरी साखर मोजून त्याला त्याचा धोका समजावण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना समजावले आणि ज्यांना नेहमीप्रमाणेच तपासले, त्यांच्या साखरेत वर्षानंतर काही फरक आढळला नाही! मग हे शिक्षण व्यर्थ समजायचे काय? मला तसे वाटत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातील एका भेटीने माणसाचे ताट बदलत नसेल, पण पुन्हा तपासणीला का यायचे, एवढे तरी तेथे पटवता येईल. वेळेवर येण्याला मोल आहे. नव्या वाहिन्या फुटलेल्या डोळ्यांवर वेळीच लेसर किरणांचे उपचार केल्यास दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे १९७६ सालीच एका अमेरिकन अभ्यासाने दाखवले होते. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनेही आहेत.

आमच्या बीड जिल्ह्यात मात्र या 'पुन्हा या'वरच घोडे अडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, त्या पाडव्याच्या आसपास परततात. माझ्या मामांना एका शिबिरात पुढील तपासणीची चिठ्ठी मिळाली, ती जानेवारीतली. जानेवारीत मामा फडात होते. एक दिवस खाडा केला तर पैसे कापले जातात, शिवाय कोयत्याची जोडी मोडते. मामी एकटी काय करणार? चिठ्ठी लिहिणाऱ्याने "कामाला कुठे जाता?" एवढे विचारले असते, तर तारीख पाडव्यानंतरची पडली असती.

तेव्हा बाकावर बसलेल्या माणसाला आधी हेच विचारावे. टोळी निघण्यापूर्वी पडदा तपासावा, हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर द्याव्यात, कारखान्याजवळचा सरकारी दवाखाना कोणता ते सांगावे. डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके किंवा जाळी आली, तर मुकादमाला सांगून त्याच दिवशी निघायचे, हे घरच्या बाईमाणसालाही समजावावे. आणि ज्या घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आले आहे, तेथे ती चिठ्ठी आपणच वाचायची असते. थेंब घातल्यावर सोबत बसायलाही आपणच जावे.