कॅम्पर व्हॅन भाड्याने देताय? आधी विमा नीट समजून घ्या

व्हिडिओत आपण कॅम्पर व्हॅनच्या धंद्याचं भांडवल आणि भाडं पाहिलं. आज विमा. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून एक प्रश्न हमखास येतो: "सर, घरची गाडी आहे. आत बेड आणि किचन बसवतो, शनिवार-रविवार भाड्याने देतो. विमा तर आहेच!"

विमा आहे, पण कोणत्या वापराचा? सगळा खेळ इथेच आहे.

१. आरसी आणि पॉलिसी जुळली पाहिजे

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विमा नसताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण दंड ही छोटी गोष्ट. खाजगी गाडीच्या पॉलिसीत "भाड्याने वापर नाही" अशी अट असते. गिऱ्हाईक बसलेलं असताना अपघात झाला, तर तुमच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्याला कंपनीने भरपाई दिली, तरी ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला विम्यात वरची मर्यादा नसते, रक्कम न्यायाधिकरण ठरवतं. म्हणजे वसुली आली तर घर-दुकान पणाला लागतं.

म्हणून भाड्याने द्यायची असेल तर व्यावसायिक नोंदणी, परमिट आणि त्याच वर्गाची पॉलिसी. गाडीच्या रचनेत बदल केलात तर आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मागे जोडायचा ट्रेलर असेल तर तो कायद्याने वेगळं वाहन आहे. त्याची नोंदणी आणि विमा वेगळा तपासा.

२. प्रीमियम कसा बनतो?

*थर्ड पार्टी:* हा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरात १५०० सीसीच्या वरच्या खाजगी कारला वर्षाला ७,८९७ रुपये. त्याच ताकदीच्या टॅक्सीला १०,५२३ रुपये, अधिक प्रत्येक प्रवाशामागे १,११७. सहा प्रवासी धरले तर १७,२२५. वर १८ टक्के जीएसटी. तुमच्या व्हॅनचा वर्ग आरसीवरून ठरेल. इथे फक्त फरक किती पडतो ते बघा.

*गाडीचं स्वतःचं नुकसान:* हे आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या विमा किमतीवर ठरतं. समजा व्हॅन १८ लाखांची आणि आतलं काम ७ लाखांचं. गाडी दोन ते तीन वर्षांची झाली की ३० टक्के घसारा, म्हणजे १२.६ लाख. आतले ७ लाख तुम्ही बिलांसकट जाहीर केलेच नसतील, तर आग लागल्यावर त्यांचा एक रुपयाही मागता येणार नाही.

*जोड कव्हर:* पगारी ड्रायव्हरचं कव्हर अगदी स्वस्त असतं, सोडू नका. पाहुण्यांचं सामान मोटार पॉलिसीत येत नाही, हे बुकिंगच्या अटींत लिहा. गॅस सिलिंडर ठेवणार असाल तर चालतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

३. विमा भाड्यात बसवा

प्रीमियम ३६५ दिवसांचा भरायचा, पण गाडी सगळे दिवस जात नाही. समजा एकूण विमा ६०,००० रुपये आणि वर्षात १०० रात्री बुकिंग. म्हणजे रात्रीला ६०० रुपये विम्याचे. बुकिंग ६० रात्रींवर आलं तर तेच १,००० होतात. हा आकडा धरला नाही तर नफा फक्त कागदावर दिसतो.

गृहपाठ

गाडी घेण्याआधी तीन कंपन्यांकडून कोटेशन मागवा. प्रत्येकाला एकच वाक्य लिहून द्या: "ही गाडी पाहुण्यांना भाड्याने देणार आहे, आतल्या सामानाची किंमत इतकी." उत्तर लेखी घ्या, तोंडी "होईल की" चालणार नाही. मग रात्रीचा खर्च काढा आणि त्यानंतरच भाडं ठरवा.