मुलाची शस्त्रक्रिया आणि पालकांची जबाबदारी

शंभर नवजात बालकांपैकी सुमारे एकाच्या हृदयात जन्मतः दोष असतो. काही छिद्रे वाढत्या वयात आपोआप बुजतात; काहींवर मात्र शस्त्रक्रिया अटळ ठरते. १९३८ साली बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी यशस्वीपणे बांधली. तेव्हापासून या शास्त्राने मोठी मजल मारली आहे. तरीही डॉक्टरांचा निर्णय ऐकताच आईवडिलांचा धीर सुटावा, हे स्वाभाविकच आहे. अशा वेळी धीर येतो तो माहितीने आणि कामाच्या वाटणीने.

मनातील शंका कागदावर लिहून डॉक्टरांना विचाराव्यात. मुलालाही त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत खरे ते सांगावे. 'काही दुखणार नाही' असे खोटे आश्वासन दिल्यास पुढे त्याचा विश्वास उडतो. 'दुखेल, पण औषध मिळेल आणि आम्ही जवळच असू,' एवढे पुरे.

शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास ही खरी कसोटी होय. सर्वसाधारणपणे अन्न व वरचे दूध सहा तास, अंगावरचे दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. रुग्णालयाची सूचना अंतिम मानावी. भुकेने रडणाऱ्या लेकराला मायेपोटी चोरून बिस्किट दिले, तर भुलेत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाऊ शकते व प्राणावर बेतते. आजीआजोबांनाही हे समजावून सांगावे. चुकून काही दिले गेल्यास न लपवता तात्काळ सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

अतिदक्षता विभागात नळ्यांनी वेढलेले मूल पाहून पालक हादरतात. श्वासनलिकेत नळी असेतो मुलाला बोलता येत नाही, हे आधीच ठाऊक असावे. दोघांनी आळीपाळीने थांबावे, वेळेवर जेवावे, झोपावे. घरी राहिलेल्या भावंडांचीही विचारपूस व्हावी. घरी परतल्यावर मूल काही दिवस अंथरूण ओले करील, आईला बिलगून राहील. त्यास रागावू नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी केली जाते. खेळताना लवकर दमणारे किंवा ओठ निळे पडणारे मूल दिसल्यास शिक्षकांनी त्याच्या पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. ग्रामस्थांनीही त्या कुटुंबाची गुरे, शेत आणि घर काही दिवस सांभाळावे. रुग्णालयात बसलेल्या आईवडिलांना याहून मोठा आधार नाही.