पानांच्या अर्काची जिवाणूंशी कसोटी

कडुनिंब, तुळस, अडुळसा आणि निर्गुडी या वनस्पतींशी महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबांचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. जखम धुण्यास कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, खोकल्यावर अडुळशाचा रस, सुजेवर निर्गुडीचा शेक हे उपचार घरोघरी होत आले आहेत. परंतु या पानांत जिवाणूंना रोखण्याची शक्ती किती आहे, हे श्रद्धेने किंवा उपहासाने ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील कसोटीच आवश्यक ठरते.

अर्क कसा काढतात?

एकाच स्थानिक नावाने निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात. म्हणून प्रथम वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून घेतली जाते. पाने धुऊन सावलीत वाळवतात व त्यांची भुकटी करतात. पाण्यात न विरघळणारे काही घटक मद्यार्कात उतरतात. त्यामुळे दोन्ही प्रकारचे अर्क स्वतंत्रपणे तपासणे इष्ट असते. द्रावक उडून गेल्यावर उरलेला घट्ट अर्क तोलून त्याचे ठराविक तीव्रतेचे द्रावण तयार केले जाते.

बशीतील परीक्षा

काचेच्या निर्जंतुक बशीत आगर व पोषक द्रव्ये यांचा थर गोठवून त्यावर जिवाणू सारखे पसरवतात. पू निर्माण करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि आतड्यात आढळणारा एश्चेरिशिया कोलाय यांचा वापर विशेष होतो. अर्कात भिजवलेली 6 मिलिमीटर व्यासाची कागदी चकती त्या थरावर ठेवून बशी सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमानात 18 ते 24 तास ठेवली जाते. अर्काने जिवाणूंची वाढ रोखली, तर चकतीभोवती स्वच्छ वलय दिसते.

मात्र मद्यार्क स्वतःच जिवाणूंना मारतो. म्हणून एका चकतीवर केवळ द्रावक आणि दुसरीवर परिचित प्रतिजैविक घेऊन तुलना करतात. ही तुलना नसेल, तर वलय पानामुळे उमटले की द्रावकामुळे, हे सांगता येत नाही.

निष्कर्षाची मर्यादा

मोठे वलय म्हणजे प्रभावी औषध, असा अर्थ काढणे चुकीचे आहे. अर्क आगरात किती सहज पसरतो, यावरही वलयाचा आकार अवलंबून असतो. त्यामुळे वाढ रोखणारी किमान मात्रा निराळी मोजावी लागते. त्यानंतरही मानवी पेशींवरील दुष्परिणाम आणि रुग्णांवरील चाचण्या शिल्लक राहतात. उलटपक्षी, वलय उमटले नाही म्हणून वनस्पती निरुपयोगी ठरत नाही. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. त्याचा उपयोग जिवाणू मारण्यासाठी नव्हे, तर कफ सुटण्यासाठी होतो.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी हा भेद लोकांना समजावून देणे अगत्याचे आहे. चिघळलेली जखम, किंवा खोकला-तापासह धाप लागलेले मूल यांच्या बाबतीत पाल्यावर विसंबून घालवलेला वेळ प्राणावर बेतू शकतो. अशा रुग्णास तातडीने आरोग्य केंद्रात नेले पाहिजे. शाळेत वनौषधींची बाग जरूर फुलवावी. परंतु रोगकारक जिवाणू वाढवण्याचे प्रयोग सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हावेत. परंपरेने सुचवलेले पान विज्ञानाच्या कसोटीस उतरावे, यातच परंपरेचाही खरा सन्मान आहे.