हायड्रॉलिकच्या तेलाची निगा

ट्रॅक्टरच्या इंजिनाविषयी आपल्याकडील शेतकऱ्याच्या मनात जी आस्था असते, तिचा शतांशही हायड्रॉलिकच्या वाट्याला येत नाही. इंजिनाचे ऑइल काळे पडले की तो अस्वस्थ होतो, परंतु ज्या तेलाच्या बळावर नांगर जमिनीतून वर येतो आणि एका हाताने स्टीअरिंग फिरते, ते टाकीत आहे एवढी खातरजमा झाली की तो निश्चिंत असतो. उसाच्या पट्ट्यात शेती आणि तिच्या पाठोपाठ आलेली यंत्रे सांभाळण्यात माझी हयात गेली. या काळात जे पंप निकामी झालेले मी पाहिले, त्यांतले तेल जुने झाल्यामुळे गेलेले थोडे, आणि तेल बदलण्याच्या निमित्ताने आत शिरलेल्या घाणीमुळे गेलेले पुष्कळ.

एका उन्हाळ्यात, पलटी नांगराचे काम ऐन भरात असता, तेल व फिल्टर नुकताच बदलून आणलेल्या आमच्या ट्रॅक्टरचा पंप कण्हू लागला. लिफ्ट हिसके देत उचले, स्टीअरिंग मध्येच जड होई, आणि टाकीचे झाकण काढले तर तेलावर फेस तरंगताना दिसे. ज्या वर्कशॉपने तेल बदलले होते त्याने पंप गेल्याचे तत्काळ जाहीर करून नव्या पंपाचे अंदाजपत्रकही हाती दिले. गावातल्या वृद्ध मिस्त्रींनी मात्र कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, “आण्णा, पंप राहू द्या, आधी जाळी काढून बघू.” पंपाकडे तेल ओढून नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, ती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर सुताच्या धाग्यांचा, ग्रीसने चिकटलेला, बोटाच्या पेराएवढा थर बसला होता. टाकी आतून पुसण्यासाठी वर्कशॉपमध्ये वेस्टचा बोळा फिरवला गेला होता. त्याचे तंतू तेलाबरोबर वाहत जाऊन तेथे अडकले, आणि पंप उपाशी राहिला. उपाशी पंपात तेलाचे बुडबुडे होतात व दाबाखाली ते फुटताना धातूचे कण खरवडून नेतात. म्हणून जाळी धुतल्यावर आवाज बंद झाला तरी व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते, आणि पुढच्या हंगामाच्या तोंडाशी तो पंप बदलावाच लागला.

या प्रकरणातून ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, डोळ्याला स्वच्छ दिसणे हा या तेलाच्या बाबतीत पुरावाच नव्हे. मनुष्याच्या दृष्टीला साधारणतः 40 मायक्रॉनहून लहान कण दिसत नाही, आणि पंप व व्हॉल्व्ह यांच्या फिरत्या भागांमधील फट अनेक ठिकाणी अवघ्या 5 ते 10 मायक्रॉनांची असते. तेव्हा घात करणारी धूळ ही नेमकी न दिसणारी धूळ असते. फिल्टर आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, कारण बहुतेक फिल्टरांना बायपास व्हॉल्व्ह असतो, आणि फिल्टर तुंबला की तेल त्या आडवाटेने न गाळताच पुढे जाते. ट्रॅक्टर चालू राहतो, मालकास काही कळत नाही, आणि झीज मात्र रात्रंदिवस सुरू असते.

धूळ आत जाण्याच्या वाटा तीन. तेलाचा डबा, नरसाळे व झाकणाभोवतीचा गाळ ही पहिली. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी भोवतालची जागा धुऊन कोरडी करावी, नरसाळ्यास जाळी असावी, आणि पुसण्यास धागे न सुटणारे कापड घ्यावे. टाकीचा ब्रीदर ही दुसरी: सिलिंडर लांबला की टाकीतले तेल उतरते व तेवढीच हवा बाहेरून ओढली जाते, आणि नांगरटीच्या शेतातली हवा कशी असते हे सांगावयास नको. तिसरी वाट माझ्या मते सर्वांत घातक, आणि तिच्याकडे कोणीच पाहत नाही. पलटी नांगर किंवा टिपिंग ट्रॉली भाड्याने या ट्रॅक्टरवरून त्या ट्रॅक्टरवर फिरते. तिच्या होज पाइपची टोके मातीत लोळतात, ड्रायव्हर ती विजारीस पुसून कपलिंगमध्ये ठोकतो, आणि त्या क्षणी मुरमाची भुकटीच नव्हे, तर परक्या ट्रॅक्टरचे जुने तेलही आपल्या टाकीत दाखल होते. रबरी टोपणे फार महाग नसतात. ती हरवू न देण्याची सक्त ताकीद ड्रायव्हरास द्यावी.

तेलाची पातळी पाहावयाची ती सपाट जागी, लिफ्ट खाली व सर्व सिलिंडर आत घेऊन. अन्यथा सिलिंडरात गेलेले तेल कमी पडल्यासारखे वाटते, वरून भर घातली जाते, आणि सिलिंडर मिटताच टाकी ओसंडते. तेल कोणते, हे दुकानदाराने न ठरवता मॅन्युअलने ठरवावे. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, तेलातले ब्रेक व हायड्रॉलिक यांना एकच तेल असते, तर पॉवर स्टीअरिंगची टाकी काहींत वेगळी व तिचे तेलही वेगळे असते. ब्रेक ऑइल स्टीअरिंगमध्ये घातल्याने सील फुगून गळू लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे असे समजावे. संशय असल्यास तापल्या तव्यावर, तोंड दूर ठेवून, एक थेंब टाकावा: तडतडला तर निकाल लागला. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल व फिल्टर बदलण्याची मुदत पुस्तकात लवकरची दिलेली असते, कारण नव्या भागांचे धातूचे कण प्रारंभीच सुटतात. ती दिरंगाईने चुकवू नये. तारीख, तास व तेलाचा दर्जा वहीत टिपून ठेवावा. ट्रॅक्टर विकताना त्याचेही पैसे होतात.

राहिली गळती. दाबाखालच्या पाइपास सुईएवढे छिद्र पडले असता ते बोटाने चाचपण्याची सवय आपल्या लोकांत आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे. 150 ते 200 बार दाबाची धार कातडी भेदून तेल आत सोडते, वरून ठिपका दिसतो व प्रथम वेदनाही फारशी होत नाही. यास्तव इंजिन बंद करून, लिफ्ट खाली टेकवून, दाब सोडल्यावाचून नट सैल करू नये, आणि गळती शोधावयाची तर पुठ्ठ्याचा तुकडा दूरवरून धरावा. धार लागलीच तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला शल्यक्रियेची सोय असलेले इस्पितळ गाठावे, दाबाखालचे तेल शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, आणि कोणते तेल होते हे समजावे म्हणून त्याचा डबा सोबत न्यावा.